लग्नाचं एडिटिंग बाहेर देताय? शोरील राहू दे, अख्खं लग्न मागा

प्रश्न बार्शीकडच्या एका दादांचा आहे. नवरा-बायको मिळून स्टुडिओ चालवतात, आत्तापर्यंत सगळं मिक्सिंग, म्हणजे एडिटिंग, वहिनी करायच्या, आता घरात लहान बाळ आहे आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखा सगळ्या भरल्यात. दोन फ्रीलान्स एडिटर बघून ठेवलेत. एक दिल्लीचा, शोरील (निवडक शॉटचा छोटा नमुना व्हिडिओ) एकदम जबरदस्त, रेट चढा. दुसरा इचलकरंजीचा पोरगा, एडियस या एडिटिंग सॉफ्टवेअरवर काम करतो, सॅम्पल साधेच, रेट निम्मा. कुणाला द्यायचं आणि मुळात एडिटर निवडायचा कसा, एवढं विचारलंय. मी सांगली-कोल्हापूर पट्ट्यात बरीच वर्षं लग्नं शूट करतोय आणि एडिटिंगचा मोठा भाग बाहेरूनच करून घेतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी एक ठरवा, बाहेर नक्की काय द्यायचंय? बहुतेक जण पहिल्यांदा हायलाइट आणि टीझर, म्हणजे गाण्यावर बसवलेले छोटे व्हिडिओ, बाहेर देतात कारण ते भारी दिसायला पाहिजे असं वाटतं, आणि मोठा ट्रॅडिशनल व्हिडिओ घरी ठेवतात. मी उलटं सांगेन. तुमचा वेळ खातो तो मोठा व्हिडिओ. तीन कॅमेऱ्यांचं सिंक, म्हणजे चित्र आणि आवाज एकमेकांशी जुळवणं, हळदीपासून गृहप्रवेशापर्यंतची लाइन लावणं, रिसेप्शनला स्टेजवर भेटायला येणारे चारशे-पाचशे लोक, हे काम दिवसचे दिवस चालतं आणि यातलं बरंचसं कागदावर लिहून दुसऱ्याला समजावता येतं. हायलाइट हा तुमच्या स्टुडिओचा चेहरा आहे, तो बघूनच पुढची पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक, येते, आणि तो कसा पाहिजे हे कागदावर लिहून देणं फार अवघड. म्हणून पहिल्या सीझनला मोठा व्हिडिओ द्या, हायलाइट वहिनींना जमेल तसा, जमेल तेव्हा करू द्या. एडिटर हाताशी बसला की मग तोही सोपवा.

आता शोरीलचं. शोरील बघून एडिटर निवडू नका हे मी सगळ्यांना सांगतो आणि तरी लोक तेच करतात. एक मिनिटाच्या शोरीलमध्ये तुम्हाला जे आवडतं त्यातलं निम्मं शूट करणाऱ्याचं असतं, उरलेल्यातलं बरंच गाण्याचं. राजवाड्यातलं लग्न, ड्रोन, संध्याकाळचा सोनेरी उजेड, एवढं हातात असल्यावर कुणीही कट मारले तरी बरं दिसतं. तुमचं फुटेज कसलं असणार? पत्र्याचा मंगल कार्यालय हॉल, वरून पांढऱ्या ट्यूब, बाजूला पिवळा हॅलोजन, मागे गुलाबी एलईडी, आणि ऐन मुहूर्ताला कॅमेऱ्याच्या पुढे उभे राहिलेले दहा मामा-काका. त्यातून तो काय काढतो हे बघायचंय. म्हणून शोरील राहू दे, त्याच्याकडे एका लग्नाचा अख्खा व्हिडिओ मागा, दीड-दोन तासांचा. पार्टीची परवानगी नसेल तर स्क्रीन शेअर करून दाखव म्हणावं. आणि तो सुरुवातीपासून बघू नका, सुरुवात सगळेच मन लावून करतात. मधेच कुठेतरी उघडा, पंगतीचा भाग बघा, स्टेजवरच्या भेटी बघा, रुखवत बघा. कंटाळवाण्या भागात एडिटर जागा होता की डुलकी घेत होता ते तिथे लगेच कळतं. पंगतीत एकच आजोबा तीनदा जेवताना दिसतात का, भेटीगाठीत माणसाचा चेहरा यायच्या आधीच कट होतो का, रुखवताच्या वस्तूंवर लिहिलेलं वाचता येईल इतका वेळ शॉट थांबतो का.

पण खरी गोष्ट आवाजाची. हेडफोन लावून ऐका. मराठी लग्न हे ऐकायचं लग्न आहे, आणि बाहेरचा एडिटर सगळ्यात जास्त घोळ तिथे घालतो.

मंगलाष्टकाच घ्या. भटजी म्हणतात ती वेगळी, आणि आत्या, मावशी, बहीण स्वतः लिहून आणून माइकवर म्हणतात ती वेगळी. त्या घरच्या मंगलाष्टकात दोन्हीकडच्या आजी-आजोबांची नावं गुंफलेली असतात, मुलीच्या लहानपणीचं काहीतरी असतं, म्हणता म्हणता आत्याचा आवाज भरून येतो. ओळखीच्या एका स्टुडिओत असं झालं की एडिटरने तो सगळा आवाज बंद करून वर सतारीचं म्युझिक टाकलं, कारण आत्याचा सूर जरा हललेला होता. त्याच्या हिशोबाने त्याने व्हिडिओ सुधारला. पुढच्याच वर्षी त्या आत्या गेल्या, आणि घरच्यांकडे त्यांचा आवाज असलेली तेवढीच एक गोष्ट होती. रॉ डेटा शिल्लक होता म्हणून आवाज परत मिळाला, नाहीतर गेलाच होता. म्हणून मी नव्या एडिटरला पहिल्या दिवशी सांगतो, माणूस बोलतोय किंवा गातोय तिथे गाणं चढवायचं नाही, सूर कसाही असो.

तसंच उखाण्याचं. उखाण्यात सगळा जीव शेवटच्या शब्दात, नाव येतं तिथे, आणि त्याच्या नंतर जो हशा होतो त्यात. ज्याला मराठी कळत नाही तो नेमका तिथे कट मारतो, कारण त्याच्या दृष्टीने ओळ संपली. नंतरचे तीन-चार सेकंद, नवरी लाजते, नवऱ्याचे मित्र ओरडतात, सासूबाई तोंडाला पदर लावतात, ते सगळं जातं. कानपिळीचंही तेच, लाजाहोमाच्या वेळी नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो, हे माहीतच नसलेल्याला तो शॉट म्हणजे काहीतरी गडबड वाटते, तो उडवतो. आणि घरचे लोक वर्षानुवर्षं तेवढंच रिवाइंड करून बघतात! अंतरपाट दूर होतो तो क्षण तर काही विचारू नका. "तदेव लग्नं सुदिनं तदेव" सुरू झालं की आता अंतरपाट जाणार हे आपल्याला ऐकूनच कळतं, त्यामुळे आपण तयार असतो की पुढचे सेकंद दोघांच्या चेहऱ्यावर राहायचं, मग अक्षता, मग वाजंत्री, मग हार. ज्याला हे माहीत नाही तो त्याच वेळेला ड्रोनचा नाहीतर छताच्या झुंबराचा शॉट लावून बसतो, कारण तिथे म्युझिक चढतंय.

याचा अर्थ एडिटर मराठीच पाहिजे असा नाही. गुजरातचे, बंगालचे एडिटर उत्तम काम करतात आमच्याकडे. पण मग खूण करून द्यायचं काम तुमचं. आम्ही एक साधी शीट बनवतो, विधीचं नाव, कुठल्या कॅमेऱ्याच्या कुठल्या क्लिपमध्ये आहे, आणि काय कापायचं नाही. सीमांतपूजन, गौरीहर, अंतरपाट, कन्यादान, मंगळसूत्र, लाजाहोम, कानपिळी, सप्तपदी, सुनमुख, झाल, विहीणपंगत, गृहप्रवेश. प्रत्येक घराची रीत वेगळी, कुणाकडे यातलं निम्मंच होतं, त्यामुळे शीट दर लग्नाला नवी. सोबत माणसांचे फोटो, हे आई-वडील, हे सख्खे काका, ह्या आजी, यांचे चेहरे राहिले नाही पाहिजेत. ही शीट करायला तास-दीड तास जातो, शूट करून आल्यावर दुसऱ्याच दिवशी करा म्हणजे डोक्यात ताजं असतं. वहिनींना बाळासोबत बसल्या बसल्या हे काम जमेल, आणि इतकी वर्षं एडिट केल्यामुळे त्यांच्याइतकी चांगली शीट दुसरं कुणी बनवणार नाही.

आणि सगळी लग्नं एकसारखी नसतात हे एडिटरला कळतं का तेही बघा. बऱ्याच जणांकडे रेडिमेड टायटल टेम्पलेट असतं, सुरुवातीला गणपती, मागे शहनाई आणि मंत्र. तेच बौद्ध पद्धतीच्या लग्नाला चिकटवून देतात. त्रिशरण-पंचशील, वंदना, पांढऱ्या कपड्यातली नवरा-नवरी, समोर बुद्ध आणि बाबासाहेबांची प्रतिमा, आणि व्हिडिओ उघडतो गणपतीच्या मंत्रावर. पार्टीला ते किती लागतं याची कल्पना करा. सत्यशोधक पद्धतीच्या लग्नाला, वसईच्या चर्चमधल्या लग्नाला, निकाहला, प्रत्येकाला आपापली सुरुवात पाहिजे. मी एडिटरला सरळ विचारतो की बौद्ध लग्नाची सुरुवात तू कशी करशील. माहीत नसेल तर चालतं, पण त्याने उलट विचारायला पाहिजे, "दादा, तुम्ही सांगा, त्यांच्यात काय काय असतं?" असं विचारणारा एडिटर मला लाख पटीने बरा.

मग टेस्ट. टेस्ट घ्याच, आणि पैसे देऊन घ्या. फुकटात टेस्ट मागितली की चांगला एडिटर तुमच्याकडे येतच नाही आणि जो येतो तो मन लावून करत नाही. टेस्टला कुठलं फुटेज द्यायचं? तुम्ही स्वतः आधीच एडिट करून देऊन टाकलेलं लग्न द्या, शक्यतो घरातल्याच किंवा नात्यातल्याच कुणाचं म्हणजे परवानगीचा प्रश्न येत नाही. याचा फायदा असा की त्या फुटेजमध्ये कुठे काय आहे हे तुम्हाला पाठ असतं. त्याने काय घेतलं, काय सोडलं, तुम्ही जे ठेवलं होतं ते त्याला सापडलं का, आणि कदाचित तुम्हाला न दिसलेलं काही त्याला दिसलं का, हे सगळं समोरासमोर ठेवता येतं. मंगलाष्टकापासून सप्तपदीपर्यंतचा भाग द्या, दोन कॅमेरे आणि वेगळा ऑडिओ रेकॉर्डर. त्यात एक क्लिप मोबाइलची मुद्दाम टाका. मोबाइलचा फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) सारखा बदलत असतो, त्यामुळे टाइमलाइनवर आवाज हळूहळू सरकतो, आणि वेगळ्या रेकॉर्डरचा आवाजही तासाभरात काही फ्रेम पुढे-मागे होतो. सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळलेले आणि सप्तपदीपर्यंत सुटलेले असतील तर समजायचं की याने एकदा सिंक केलं आणि परत बघितलंच नाही.

टेस्टचा निकाल बघण्याआधी मी अजून एक गोष्ट बघतो, काम सुरू करण्यापूर्वी त्याने काय विचारलं. फुटेज मिळालं, चार दिवसांनी फाइल आली, मधे एक प्रश्न नाही, असा माणूस मला नको वाटतो, काम कितीही चकाचक असू दे. मुलीची आई कोणती, मंगलाष्टका किती ठेवायच्या, पार्टीला मोठा व्हिडिओ दोन तासांचा पाहिजे की तीन, असं विचारणारा माणूस आपलं लग्न समजून घेतोय. बाकी ट्रान्झिशन, इफेक्ट, टायटल हे सगळं कुणालाही शिकवता येतं. काय फेकायचं नाही हे शिकवायला फार वेळ लागतो, आणि ज्याला विचारायचीच सवय नाही त्याला ते कधीच येत नाही.

रंगाबद्दल थोडं. हळदीचा भाग बघा. कॅमेऱ्यात किंवा सॉफ्टवेअरमध्ये ऑटो व्हाइट बॅलन्स मारला की हळदीचा पिवळा निघून जातो आणि माणसं निळसर, आजारी दिसतात, पिवळा असायलाच पाहिजे तिथे. आणि दुसरं, चेहरे गोरे करणं. नवरी सावळी असली की बरेच एडिटर न सांगता तिला दोन छटा उजळ करतात, कातडी प्लास्टिकसारखी गुळगुळीत करतात. माझ्याकडे हे अजिबात चालत नाही, टेस्टमध्ये दिसलं तर मी तिथेच थांबतो. जी मुलगी लग्नाला उभी होती तीच व्हिडिओत दिसली पाहिजे. तुम्ही लॉगमध्ये, म्हणजे नंतर रंग करण्यासाठी मुद्दाम फिकट, शूट करत असाल तर कुठला लॉग आहे ते लिहून द्या, एस-लॉग ३ च्या फुटेजवर भलताच लट (LUT, रंग बदलायची तयार फाइल) टाकून चेहरे विटकरी झालेले मी बघितलेत.

आता मशीन आणि सॉफ्टवेअर. एडियस, प्रीमियर, रिझॉल्व्ह, फायनल कट, काय वापरतो यावरून एडिटर चांगला-वाईट ठरत नाही. आपल्याकडे एडियसवाल्यांना उगाच जुनाट समजतात, पण मल्टिकॅमचं, म्हणजे अनेक कॅमेऱ्यांचं, लांबलचक काम त्याच्यावर फार झपाट्याने होतं. प्रश्न एवढाच की तुम्ही काय वापरता. प्रोजेक्ट फाइल तुमच्याकडे उघडायला पाहिजे कारण शेवटच्या क्षणी पार्टी म्हणते अमुक काकांचा शॉट घाला, आणि एडिटर तेव्हा गावाला गेलेला असतो. प्रीमियरच्या नव्या व्हर्जनमधलं प्रोजेक्ट जुन्या व्हर्जनमध्ये उघडत नाही, तेव्हा व्हर्जन आधीच ठरवा. एडियस फक्त विंडोजवर चालतं, तुमच्याकडे मॅक असेल तर ती फाइल तुमच्या उपयोगाची नाही. आणि तुमचा कॅमेरा एच २६५, १० बिट ४:२:२ मध्ये (रंगाची जास्त माहिती ठेवणारा, कॉम्प्युटरला जड जाणारा फॉरमॅट) रेकॉर्ड करत असेल तर त्याचा कॉम्प्युटर ते सुरळीत चालवतो का हे विचारा. महागडं ग्राफिक्स कार्ड असूनही हे फुटेज अडकतं, कारण बऱ्याच जुन्या कार्डांमध्ये ४:२:२ उलगडायची सोयच नाही, इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्समध्ये आणि ॲपलच्या एम सिरीजमध्ये ती आहे. फुटेज अडकत असलं की एडिटर बघून बघून निवडत नाही, अंदाजाने कापत जातो.

नावांच्या टायटलची टेस्ट जरूर घ्या, फार सोपी आहे. "चि. सौ. कां. प्राजक्ता" आणि "ज्ञानेश्वर" एवढं लिहून दाखव म्हणा. प्रीमियरमध्ये टेक्स्टचं सेटिंग साउथ एशियनवर नेलेलं नसेल तर जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते. व्हिडिओ कितीही सुंदर असू दे, पहिल्याच स्क्रीनवर नवरीचं नाव चुकलं की पार्टीचं तोंड उतरतं, आणि त्यापुढचं सगळं ते चुका शोधतच बघतात. नावं टाइप करायलाच लावू नका, लग्नपत्रिकेवरून तपासून तुम्ही युनिकोडमध्ये पाठवा.

डेटा कसा पाठवायचा? जरा हिशोब करा. ४के मध्ये १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) शूट केलं तर एका कॅमेऱ्याचा एक तास म्हणजे ४५ जीबी. तीन कॅमेरे, दोन दिवस मिळून प्रत्येकी चार तास धरले तर ५४० जीबी. १०० एमबीपीएसचं नेट पूर्ण वेगाने सलग चाललं तरी अपलोडला बारा तास, आणि तसं ते कधी चालत नाही. म्हणून लांबच्या एडिटरला प्रॉक्सी, म्हणजे त्याच फुटेजची हलकी कॉपी, पाठवा. ७२० मध्ये साधारण ५ एमबीपीएसची प्रॉक्सी केली तर तेच बारा तासांचं फुटेज २७ जीबीत बसतं, तो त्याच्यावर कापतो, तुम्हाला प्रोजेक्ट फाइल पाठवतो, तुम्ही घरी मूळ फुटेजला जोडून एक्सपोर्ट करता. फाइलची नावं, फ्रेम रेट आणि ऑडिओचे चॅनल मात्र तेच राहिले पाहिजेत नाहीतर जोडताना रडायची वेळ येते. या पद्धतीत रंगाचं शेवटचं काम तुमच्या हातात राहतं, आणि मूळ डेटा घराबाहेरच जात नाही. हार्ड डिस्क कुरिअर करणार असाल तर कॉपी पाठवा, मूळ कधीच नाही, आणि पाठवताना घरी अजून दोन कॉपी वेगवेगळ्या डिस्कवर पाहिजेत. डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा म्हणजे विंडोज-मॅक दोन्हीकडे लिहिता येतं. लग्न परत लावता येत नाही, दादा.

पैशाचं बोलताना रेट कशावर आहे ते आधी विचारा. कुणी लग्नाचा घेतो, कुणी कार्यक्रमाचा म्हणजे हळद वेगळी, लग्न वेगळं, रिसेप्शन वेगळं, कुणी तयार व्हिडिओच्या मिनिटाचा, कुणी कॅमेरा वाढला की वाढवतो. दोन रेट शेजारी ठेवण्याआधी एकाच मापात आणा, निम्मा वाटणारा रेट मग कधी कधी निम्मा राहत नाही. करेक्शन किती वेळा फुकट ते लिहून घ्या, आमच्याकडे दोन वेळा. आणि करेक्शन म्हणजे काय तेही लिहा. शीटमध्ये सांगितलेलं राहिलं तर ती त्याची चूक, फुकटात करेल. पार्टीला आता गाणंच बदलायचंय तर ते नवं काम, त्याचे पैसे वेगळे, आणि ते तुम्ही पार्टीकडून घ्यायचे, एडिटरच्या डोक्यावर नाही टाकायचे. करेक्शन पाठवताना "जरा फील येत नाहीये" असं पाठवू नका, मिनिट-सेकंद लिहा आणि काय पाहिजे ते लिहा. ॲडव्हान्स द्या, उरलेले पैसे फायनल मिळाल्यावर लगेच द्या, पार्टीने तुमचे थकवले म्हणून त्याचे थकवू नका. सीझनमध्ये एडिटरकडे दहा स्टुडिओंचं काम पडलेलं असतं, आणि तो आधी कुणाचं उघडणार हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

सीझनवरून आठवलं, मुहूर्त सगळीकडे एकाच वेळेला असतात. पौषात थंडावा, माघ-फाल्गुनात परत गर्दी, वैशाखात तर श्वास घ्यायला वेळ नाही, मग आषाढीनंतर कार्तिकीपर्यंत शांत. तुमचा एडिटर आणि तुम्ही एकाच दिवशी बिझी होता. म्हणून शोधाशोध आणि टेस्ट चातुर्मासात उरका. विचारा की एका वेळी किती लग्नं हातात घेतोस, आणि काम स्वतः करतोस की पुढे कुणाला देतोस. हे फार चालतं. शोरील एकाचं, एडिट करणारा भलताच, त्यालाही पुढे कुणीतरी. ओळखायचं कसं, तर टेस्ट झाल्यावर व्हिडिओ कॉलवर टाइमलाइन उघडून दाखवायला सांगा आणि एखादा कट असा का घेतला ते विचारा. ज्याने कापलंय तो पटकन सांगतो.

तीन गोष्टी लिहून घ्याच, साध्या व्हॉट्सॲप मेसेजवर "मान्य" म्हणाला तरी चालेल, पण लेखी पाहिजे. पहिली, पार्टीने स्वतः व्हिडिओ बघायच्या आधी त्याने कुठेही, अगदी स्टेटसलाही, एक फ्रेम टाकायची नाही, आणि नंतर टाकायची तर तुम्हाला आणि पार्टीला विचारून. कुणाच्या तरी मुलीच्या मेंदीच्या खोलीतलं, तयार होतानाचं फुटेज आपण परक्या माणसाच्या कॉम्प्युटरवर पाठवतोय, हे विसरून चालणार नाही. असे शॉट मी पाठवण्यापूर्वीच वेगळे काढतो, जे कुणी बघायचं नाही ते एडिटरनेही बघायचं कारण नाही. दुसरी, काम संपल्यावर अमुक दिवसांनी डेटा डिलीट, पण तुम्ही "करा" म्हणाल्याशिवाय नाही. तिसरी, म्युझिक कुठून आणलं. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये लग्नसमारंभात गाणी वाजवायला सूट आहे आणि जुलै २०२३ मध्ये केंद्राने ते परत स्पष्टही केलं, त्यावरून पुष्कळ स्टुडिओवाल्यांना वाटतं व्हिडिओत पण चालतं. ती सूट समारंभात वाजवण्यापुरती आहे. तेच सिनेमाचं गाणं व्हिडिओखाली लावून तुम्ही स्टुडिओच्या चॅनलवर टाकलं की यूट्यूबवर क्लेम येतो किंवा व्हिडिओ ब्लॉक होतो, इन्स्टावर आवाज जातो. लायसन्सचं म्युझिक वापरलं असेल तर लायसन्स कुणाच्या नावावर आहे आणि तुमच्या चॅनलला लागू होतं का ते बघा.

आता तुमचे दोघे. दिल्लीवाल्याचं काम वाईट असेल असं मी म्हणत नाही, त्याच्याकडे गाण्यावर कट बसवायचा हात दिसतोय. पण तुम्हाला आज जे द्यायचंय ते बार्शी-वैरागच्या कार्यालयातलं मोठं ट्रॅडिशनल काम, आणि ते इचलकरंजीच्या पोराच्या कानाला ओळखीचं आहे. त्याचे सॅम्पल साधे आहेत हा मुद्दाच नाही, त्यात उखाणे पूर्ण ऐकू येतात का, चेहरे राहतात का, ते बघा. टेस्ट मात्र दोघांचीही घ्या, एकच फुटेज, एकच शीट, एकच मुदत. दोन्ही व्हिडिओ वहिनींना दाखवा, कुणाचा कुठला ते न सांगता, आणि शक्य असलं तर ज्यांचं लग्न आहे त्या घरातल्या एखाद्या काकूंनाही. काकूंना ग्रेडिंग (रंगाचं काम) कळत नाही, पण त्या कुठे हसतात आणि कुठे "अगं, ते राहिलं की!" म्हणतात ते लिहून ठेवा. इचलकरंजीच्या पोराचा बरा निघाला तर त्याला पहिल्या महिन्यात दोनच लग्नं द्या, सगळी एकदम नको, आणि रेट निम्मा आहे म्हणून तिथेच धरून ठेवू नका, काम चांगलं झालं की तुम्हीच वाढवा, नाहीतर वैशाखात तो दुसऱ्याकडे जाईल. हायलाइटसाठी दिल्लीवाल्याला एखादं मोठं लग्न देऊन बघा, पण शॉट तुम्ही निवडून पाठवा, अंतरपाटापासून हारापर्यंतचा भाग गाण्याशिवाय, मूळ आवाजात ठेवायचा असं पहिल्याच ओळीत लिहा.